प्रश्नवहीतला बर्फाचा समुद्र

मराठवाड्यातल्या मुलांना समुद्र शिकवणे हे तसे अवघड काम. नदी दाखवता येते, बालाघाटचे डोंगर दाखवता येतात, दुष्काळ तर दाखवावाही लागत नाही. पण समुद्र म्हटला की वर्ग गप्प होतो. आमच्या माजलगावपासून समुद्र चारेकशे किलोमीटर दूर. मुंबईला कामाला गेलेल्या एखाद्या काकाने सांगितलेला, नाहीतर सिनेमात पाहिलेला, तेवढाच काय तो समुद्र. त्यातून गोठलेला समुद्र शिकवायचा म्हणजे ज्याने आंबा पाहिला नाही त्याला आंब्याचे लोणचे समजावून सांगण्यासारखे!

तरीही मी तो शिकवला. आणि एक-दोन वर्षे नव्हे, नोकरीची जवळजवळ सगळी वर्षे शिकवला. शिकवला म्हणण्यापेक्षा मुलांनी तो माझ्याकडून शिकवून घेतला, असे म्हणणे अधिक खरे. भारताची अंटार्क्टिका मोहीम दरवर्षी दक्षिणेच्या बर्फाळ समुद्रात असे, त्या चार-पाच महिन्यांत आमच्या वर्गात एक प्रश्नवही चालू असे. मुलांनी विचारायचे आणि मी उत्तर द्यायचे. आज निवृत्तीनंतर त्या वह्या चाळताना वाटते, की बर्फ, पेंग्विन आणि जहाजे हे सगळे निमित्त होते. तालुक्याच्या गावातले मूल जगाकडे कुठे उभे राहून पाहते, आणि त्याला खरोखर काय विचारायचे असते, ते त्या पानांवर उमटले आहे. ते चार लोकांपुढे ठेवावे, म्हणून हा लेख.

भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली. सागरशास्त्रज्ञ डॉ. सय्यद झहूर कासिम हे तिचे नेते, माणसे एकवीस आणि जहाज नॉर्वेचे, भाड्याने घेतलेले ‘पोलर सर्कल’. ९ जानेवारी १९८२ रोजी ही मंडळी बर्फाच्या खंडावर उतरली. निघताना गाजावाजा मुद्दामच केलेला नव्हता. त्यामुळे देशाला बातमी कळली ती ते तिथे पोचल्यावर. डॉ. हर्ष गुप्ता यांच्या नेतृत्वाखालची तिसरी मोहीम डिसेंबर १९८३ मध्ये ‘फिनपोलारिस’ या जहाजाने निघाली, तेव्हा मात्र वर्तमानपत्रांत तिची चर्चा होती. कारण पहिल्यांदाच दोन भारतीय महिला शास्त्रज्ञ अंटार्क्टिकाला निघाल्या होत्या. एक भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता आणि दुसऱ्या सागरशास्त्रज्ञ अदिती पंत. अदिती पंत यांचा जन्म नागपूरचा, पदवी पुण्याची, वडील औंधचे अप्पासाहेब पंत. मी त्या बातमीचे कात्रण फळ्याशेजारी चिकटवले आणि तिथून प्रश्नांना जी सुरुवात झाली ती थांबेचना.

तेव्हा मी नुकताच नोकरीला लागलो होतो. गावात वर्तमानपत्र उशिरा येई, दूरचित्रवाणी संच बोटावर मोजण्याइतके. हाताशी काय, तर आकाशवाणीच्या बातम्या, एक जुना नकाशासंग्रह आणि मराठी विश्वकोश. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला, आणि अंटार्क्टिका ‘अ’ पासून सुरू होते, हे आमचे भाग्य! पहिल्याच खंडात काम भागले. मग वहीचे दोन नियम ठरवले. एक, प्रश्न विचारणाऱ्याच्याच शब्दांत लिहायचा, त्याची भाषा ‘शुद्ध’ करायची नाही. दुसरा, प्रत्येक प्रश्नाला उत्तरासाठी एक पूर्ण पान सोडायचे, आणि विचारणाऱ्याने ते उत्तर ऐकले की पानाच्या तळाशी त्याने स्वतः सही करायची.

सहीचा नियम का केला, ते आमच्या भागाबाहेरच्या वाचकाला सांगायला हवे. अंटार्क्टिकाला जाणाऱ्या जहाजाचे वेळापत्रक आणि आमच्या तालुक्याचे वेळापत्रक यांत एक विलक्षण साम्य आहे. दक्षिण गोलार्धातला उन्हाळा म्हणजे आपला हिवाळा. म्हणून जहाजे नोव्हेंबर-डिसेंबरात निघतात आणि मार्च-एप्रिलच्या सुमाराला, समुद्र पुन्हा गोठायच्या आत परततात. आणि बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणी मजुरांच्या टोळ्या? दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेऊन, ट्रक-ट्रॅक्टरमध्ये भांडीकुंडी आणि लेकरे भरून त्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखान्यांवर जातात आणि पाडव्याच्या आगेमागे परत येतात. म्हणजे मोहीम समुद्रात असे त्याच महिन्यांत माझ्या वर्गातली कित्येक मुले फडावर असत. दसऱ्यापूर्वी प्रश्न विचारून गेलेल्या मुलाचे उत्तर डिसेंबरात वर्गात सांगून टाकले, तर ते ऐकले कोणी? म्हणून सही.

आता काही प्रश्न.

“समुद्र तर खारट असतोय, मग त्याचं बर्फ होतंय कसं?” हा पहिल्या वर्षीचा पहिला प्रश्न. याचे उत्तर मी जत्रेतल्या कुल्फीवाल्याकडून सुरू केले. कुल्फीवाला बर्फात मीठ टाकतो, हे सगळ्यांनी पाहिलेले. मीठ कशासाठी? मिठामुळे पाण्याचा गोठण्याचा बिंदू खाली जातो. बर्फ-मिठाचे मिश्रण साध्या बर्फापेक्षा जास्त थंड होते आणि कुल्फी जमते. समुद्राचेही तेच. गोडे पाणी शून्य अंशाला गोठते, समुद्राचे पाणी सुमारे उणे १.८ अंशाला. गंमत पुढे आहे. गोठताना पाणी आपल्यातले बरेचसे मीठ बाहेर टाकून देते. ते जड, खारट पाणी खाली बुडते आणि जगभरच्या समुद्रतळाच्या प्रवाहांना गती देते. बर्फ जुना होत जातो तसा त्यातला उरलासुरला खारटपणाही निघून जातो. “म्हंजे समुद्रच पाणी गाळून देतोय,” असे एक जण म्हणाला. मी ते वाक्य उत्तराखाली तसेच लिहून ठेवले.

“तिथले मासे गारठून मरत न्हाईत का?” धरणाच्या पाण्याजवळ वाढलेल्या मुलांचा हा प्रश्न. अंटार्क्टिकाच्या समुद्रातल्या कित्येक माशांच्या रक्तात एक विशिष्ट प्रकारची प्रथिने असतात. बर्फाचा सूक्ष्म कण तयार होऊ लागला की ती त्याला चिकटतात आणि वाढू देत नाहीत. १९६० च्या दशकात आर्थर डिव्हराइज या अमेरिकी शास्त्रज्ञाने हे शोधून काढले. आणखी नवल म्हणजे तिथल्या काही माशांच्या रक्तात हिमोग्लोबिनच नसते. रक्त पाण्यासारखे बिनरंगी! ते जगतात कसे, तर थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो म्हणून. हे मुलांना पटवायला मला वेगळा प्रयोग करावा लागला नाही. मे महिन्यात आटत चाललेल्या डोहातले मासे वर येऊन तोंडे उघडतात, हे त्यांनी पाहिलेले होते. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी, गारव्यात जास्त. आमच्या उन्हाळ्यानेच तिथला हिवाळा समजावून दिला.

“जहाज बर्फ कोयत्यानं तोडल्यागत तोडतंय का?” नाही. बर्फफोडे जहाज कापत नाही, वजनाने मोडते. त्याचा पुढचा भाग उताराचा असतो. जहाज बर्फावर चढते आणि आपल्या भाराने तो दुभंगवते. अडकले तर काय होते, हेही विचारले गेले. तेव्हा मी शॅकल्टनच्या ‘एन्ड्युरन्स’ची गोष्ट सांगत असे. ते जहाज १९१५ साली वेडेल समुद्रात बर्फाने चिरडले, बुडाले. पण त्यावरची अठ्ठावीसही माणसे जिवंत परत आली. मार्च २०२२ मध्ये ते जहाज तीन हजार मीटर खोल समुद्रतळाशी सापडले, तेव्हा माझा एक जुना विद्यार्थी मुद्दाम घरी ती बातमी सांगायला आला होता. आता तो स्वतःच दोन मुलांचा बाप आहे.

पण सगळेच प्रश्न असे पाठ्यपुस्तकाच्या जवळचे नव्हते. “तिथं दिवस मावळत न्हाई म्हणता, मग हजेरी कशी मोजतात?” हा प्रश्न शहरातल्या शाळेत कोणी विचारील असे मला वाटत नाही. ज्याच्या घरी काम उजाडल्यापासून मावळेपर्यंत, आणि गाडी भरायची असेल तर रात्रीसुद्धा चालते, त्यालाच हे सुचणार. उन्हाळ्यात त्या भागात साधारण दोन महिने सूर्य क्षितिजाखाली जात नाही आणि हिवाळ्यात तितकेच दिवस वर येत नाही. म्हणून तिथे कामाचा दिवस घड्याळावर ठरतो. जेवण, झोप, पाळ्या, सगळे घड्याळावर. “कारखान्याच्या भोंग्यागत,” मुलगा म्हणाला. अगदी तसेच.

किंवा हा प्रश्न घ्या. “तिथली जमीन कुणाच्या नावावर हाय? सातबारा कुणाचा?” वर्ग हसला, पण मला हसू आले नाही. कारण विचारणाऱ्याच्या घरी जमीन नव्हती. उत्तर असे, की अंटार्क्टिकाच्या निरनिराळ्या तुकड्यांवर सात देशांनी हक्क सांगितला आहे: अर्जेंटिना, ऑस्ट्रेलिया, चिली, फ्रान्स, न्यूझीलंड, नॉर्वे आणि ब्रिटन. पण १ डिसेंबर १९५९ रोजी वॉशिंग्टनला करार झाला आणि हे सगळे दावे होते तिथेच थांबवण्यात आले. नवा हक्क सांगायचा नाही, लष्करी तळ करायचा नाही, शास्त्रीय संशोधन मात्र कोणीही करावे. त्या करारावर पहिल्यांदा सह्या करणारे देश किती? बारा! सात दावेदार आणि बारा सह्या. मी फळ्यावर ७/१२ लिहिले. असा सातबारा, की ज्यात मालकाचे नाव नाही. भारत या करारात १९८३ साली सामील झाला. पुढे १९९१ साली माद्रिदला झालेल्या करारनाम्याने तिथे खाणकामालाही बंदी घातली. पृथ्वीवर अशी एक जमीन आहे, भारताच्या चौपटीहून मोठी, की जिच्यावर कोणाचीच मालकी चालत नाही, हे ऐकून तो मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “सर, तिथं ऊस येत नसंल म्हणून.” यावर मी काय बोलणार?

मुलींचे प्रश्न वेगळे असत. अदिती पंत यांच्या कात्रणावरून एकीने विचारले, “बाया चार-चार महिने जहाजावर गेल्या तर घरी लेकरं कोण सांभाळतंय?” तिचा प्रश्न चेष्टेचा नव्हता. फडावर आई-बाप ऊस तोडत असताना कोपीत धाकट्या भावंडांना सांभाळायचे काम ती स्वतःच करत होती. तिला मी अदिती पंत यांची हकिकत सांगितली. ॲलिस्टर हार्डी यांचे ‘द ओपन सी’ हे समुद्रावरचे पुस्तक वाचून या विषयाकडे त्या वळल्या. हवाई विद्यापीठात आणि लंडनमध्ये शिकून गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत आल्या. अंटार्क्टिकाच्या पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पतींपासून वर चढत जाणारी अन्नसाखळी, हा त्यांच्या तिथल्या अभ्यासाचा विषय होता. एक पुस्तक हाती पडणे आणि ते वाचायला वेळ मिळणे, एवढ्याने माणूस कुठून कुठे जातो, हे मला त्या मुलीला सांगायचे होते. तिने पानाखाली सही केली आणि शेजारी कंसात लिहिले, ‘समजले’.

मोहिमेची व्यवस्था कशी असते, हे तर या मुलांना समजावून सांगावेच लागत नसे. सहा महिन्यांचा शिधा एकदम न्यायचा, तिथे काही विकत मिळत नाही, इंधन जपून वापरायचे, उघड्या माळावर वाऱ्यापासून वाचेल असा निवारा करायचा, कोणाशी पटले नाही तरी त्याच्याच बरोबर राहायचे. कात्रणात वाचलेले हे सगळे त्यांनी कोपीत अनुभवलेले होते. शहरातल्या मुलाला मोहीम म्हणजे साहस वाटते. या मुलांना ती मेहनत वाटे. मला वाटते, त्यांचाच अंदाज जास्त बरोबर होता.

भारताने तिथे पहिले ठाणे, ‘दक्षिण गंगोत्री’, याच तिसऱ्या मोहिमेत उभारले. बारा जणांची तुकडी जहाज परतल्यावरही हिवाळाभर तिथे राहिली. ते घर बर्फाच्या थरावर होते, हळूहळू बर्फाखाली गाडले गेले आणि १९९० साली ते सोडून द्यावे लागले. दरम्यान १९८९ साली खडकाळ जमिनीवर ‘मैत्री’ उभे राहिले. तिथे पाणी येते ते शेजारच्या प्रियदर्शिनी तळ्यातून. ‘दक्षिण गंगोत्री’त टपाल खात्याने १९८४ साली डाकघरही उघडले होते. ही बातमी मुलांना फार आवडली. जगाच्या टोकाला पत्र जाते! मग एकाने विचारले, “सर, अंटार्क्टिकाला पत्र जातंय, तर आमच्या टोळीला का येत न्हाई?” टोळीचा मुक्काम हलता. आज या गावचा फड, आठ दिवसांनी दुसऱ्या शिवारात. पत्ता तरी काय लिहायचा? त्या वर्षी मी बहुतेक उत्तरांच्या नकला करून ठेवल्या आणि गावाकडे येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांबरोबर धाडल्या. काही पोचल्या, काही नाही.

पुढे १९९० नंतर पृथ्वी तापल्याच्या बातम्या येऊ लागल्या, तेव्हाचा एक प्रश्न. “तिथलं सगळं बर्फ वितळलं तर माजलगाव बुडल का?” अंटार्क्टिकावरच्या बर्फाची सरासरी जाडी सुमारे दोन किलोमीटर आहे. जगातले सत्तर टक्के गोडे पाणी त्यात साठलेले आहे. ते सगळे वितळले, आणि त्याला हजारो वर्षे लागतील, तर समुद्र साधारण ५८ मीटर वर चढेल. माजलगाव समुद्रसपाटीपासून चारशे मीटरहून उंच. तेव्हा माजलगाव बुडणार नाही. “मग आपल्याला काय त्याचं?” असे लगेच मागून आले.

हा प्रश्न मला सगळ्यांत मोलाचा वाटतो, कारण मोठी माणसेही मनात हेच म्हणत असतात. त्याचे उत्तर द्यायला मला दोन तास लागले. पहिली गोष्ट, समुद्र एखादा मीटर वाढला तरी मुंबईत ज्या सखल वस्त्यांत आपले चुलते-मामा राहतात, तिथे आधी पाणी शिरेल. दुसरी गोष्ट पावसाची. आपला पाऊस येतो तो दक्षिण गोलार्धातून निघालेल्या वाऱ्यांवर. मादागास्करच्या पूर्वेला दक्षिण हिंदी महासागरावर हवेच्या जास्त दाबाचा प्रदेश असतो. तिथून निघालेले वारे विषुववृत्त ओलांडतात, वळतात आणि नैर्ऋत्य मोसमी वारे होऊन आपल्याकडे येतात. त्या महासागराच्या खालच्या टोकाला अंटार्क्टिकाचा गोठणारा-वितळणारा समुद्र आहे. हिवाळ्यात तिथला सागरी बर्फ सुमारे एक कोटी ऐंशी लाख चौरस किलोमीटरपर्यंत पसरतो, उन्हाळ्यात तीसेक लाखांवर येतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये तर तो वीस लाखांच्याही खाली गेला. या चढउताराचा आपल्या पावसाशी काय संबंध आहे, याचा शोध शास्त्रज्ञ घेत आहेत. आणि पाऊस हुकला की काय होते, हे पर्जन्यछायेतल्या बीड जिल्ह्याला कोणी सांगायला नको. पाऊस गेला की कोयता हातात येतो. तेव्हा मुलांनो, त्या बर्फाचा आणि तुमच्या रिकाम्या बाकाचा संबंध आहे, असे मी म्हणालो. तो दूरचा असेल, पण आहे.

उलट दिशेनेही संबंध आहेच. आमची सिंदफणा मंजरथजवळ गोदावरीला मिळते, गोदावरी आंध्रातून बंगालच्या उपसागराला, आणि तिथून हिंदी महासागराचे पाणी थेट बर्फाच्या किनाऱ्यापर्यंत. मुले नकाशावर बोट फिरवत तो प्रवास करत. पण खरी गंमत मला फार उशिरा, २०१२ साली कळली. त्या वर्षी मार्चमध्ये भारताचे ‘भारती’ हे नवे ठाणे लार्समन टेकड्यांवर सुरू झाले. १३४ माल-पेट्या जोडून बांधलेले, समुद्राच्या अगदी काठावर. त्याचे रेखांश पाहिले तर सुमारे ७६.२ अंश पूर्व. आणि माजलगावचे? सुमारे ७६.२ अंश पूर्व! म्हणजे आमच्या गावातून नाक दक्षिणेला करून सरळ निघालो, तर कोचीजवळ जमीन संपते आणि मग वाटेत कुठेही जमीन न लागता जो किनारा येतो तो ‘भारती’चा. अंतर सुमारे ९,८०० किलोमीटर. आमची माध्यान्ह तीच त्यांची माध्यान्ह. दुपारी साडेबाराच्या सुमाराला शाळेच्या मैदानातल्या खांबाची सावली सगळ्यांत आखूड होते, त्याच वेळी तिथल्या माणसाची सावलीही दिवसातली सगळ्यांत आखूड असते. फरक इतकाच, की आमची पायापुढे आणि त्याची लांबलचक. मुलांनी खांबाच्या सावलीवर खडूने रेघ मारली आणि तिच्या एका टोकाला ‘भारती’ लिहिले.

अमेरिकेत शिक्षकांनाच संशोधनाच्या जहाजांवर पाठवण्याचा उपक्रम १९९० साली सुरू झाला. आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्षाच्या निमित्ताने २००७ पासून तिथले शाळाशिक्षक ध्रुवप्रदेशातल्या संशोधकांबरोबर जाऊन राहू लागले. तिथून ते दैनंदिनी लिहीत आणि मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देत. ही कल्पना उत्तम आहे. आपल्याकडेही गोव्यात वास्कोला ध्रुवीय आणि सागरी संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र आहे, मोहिमा दरवर्षी जातात, आणि आता तर उपग्रहामुळे तिथल्या माणसाशी समोरासमोर बोलणेही शक्य आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतला एखादा शिक्षक कधीतरी त्या जहाजावर असावा, असे मला फार वाटते. पण उत्तर देणारा किती दूर गेला, यापेक्षा प्रश्न विचारणारा जागेवर आहे की नाही, ही आमच्याकडची जास्त मोठी अडचण आहे.

एक पान सांगतो आणि थांबतो. १९८० च्या दशकातलेच एक वर्ष. दसऱ्याच्या आधी सातवीतल्या एका मुलीने विचारले होते, “जहाज निघून गेल्यावर तिथं कुणी आजारी पडलं तर?” तिची आई तेव्हा दिवस गेलेली होती आणि तशीच तोडीला निघाली होती. उत्तर मी मन लावून तयार केले. प्रत्येक तुकडीत डॉक्टर असतो. १९६१ साली, आज जिथे ‘मैत्री’ आहे त्याच्या शेजारच्याच रशियन ठाण्यावर, लिओनिद रोगोझोव्ह नावाच्या डॉक्टरला अपेंडिक्सचा त्रास सुरू झाला. ठाण्यावर दुसरा डॉक्टर नव्हता, बाहेर वादळ. त्याने सहकाऱ्यांना आरसा धरायला लावला आणि स्वतःचे ऑपरेशन स्वतः केले. तो वाचला. ही गोष्ट तिला फार आवडली असती. पाडवा झाला, टोळी परत आली. मुलीचे लग्न हंगामातच, कारखान्यावरच उरकले होते. आई सुखरूप होती. पान लिहिलेले आहे, खाली सही नाही.

अशी सही नसलेली पाने माझ्या वह्यांत बरीच आहेत. सुरुवातीला मी ती उत्तरांची पाने समजत होतो. पुढे कळले, की ती आमच्या गावची खरी हजेरी आहे. पटावर मुलाचे नाव वर्षभर राहते, बाक रिकामा असला तरी राहते. प्रश्नाचे पान मात्र तसे करत नाही. विचारणारा आला नाही, हे ते दर वेळी वही उघडली की सांगते. हंगामी वसतिगृहांमुळे आता काही मुले आजी-आजोबांजवळ गावातच राहून शिकतात, ही चांगली गोष्ट आहे. पण सगळी नाहीत, आणि मुली तर त्यात आणखी कमी.

म्हणून आमच्या भागातल्या तरुण शिक्षकांना माझे एवढेच सांगणे आहे. विषय अंटार्क्टिकाच हवा असे नाही. चंद्र घ्या, रेल्वे घ्या, कापूस घ्या. दसऱ्यापूर्वी, टोळ्या निघण्याच्या आधी, प्रत्येक मुलाकडून त्याच्याच शब्दांत एक प्रश्न लिहून घ्या आणि त्याला एक पान द्या. खर्च एका दोनशे पानी वहीचा. आणि पाडव्यानंतर आठ दिवसांत ज्या पानाखाली सही झाली नसेल, त्या घरी एकदा जाऊन या. उत्तर बरोबर घेऊन जा. म्हणजे दारात उभे राहायला कारण लागत नाही.